पानावर पोसलेला मुलूख

क्रूगर राष्ट्रीय उद्यानात सफारीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या गाड्या बहुतेक दक्षिणेकडेच फिरतात. सिंह-बिबटे तिकडे सहज दिसतात, मुक्कामाच्या सोयीही तिकडेच जास्त. ऑलिफंट्स नदी ओलांडून लेटाबाच्या पुढे उत्तरेला निघालं की गाडीतलं बोलणं हळूहळू थांबतं. सरळसोट डांबरी रस्ता आणि दोन्ही अंगांना छातीएवढ्या उंचीची झुडपं. सुरुवातीला कुणी तरी दुर्बीण लावून बसतं, थोड्या वेळाने तीही मांडीवर येते. मोपानी नावाचा मुक्काम मागे पडतो, पुढे मकरवृत्ताची खूण लागते, शिंग्वेड्झी येतं, तरी खिडकीबाहेरचं झाड काही बदलत नाही.

हे झाड म्हणजे मोपेन. शास्त्रीय नाव कोलोफोस्पर्मम मोपेन. अंगोलाचा दक्षिण भाग, नामिबियाचा उत्तर भाग, बोट्सवाना, झाम्बिया, झिम्बाब्वे, मलावी, मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिकेचा लिम्पोपो प्रांत, एवढ्या टापूत मिळून मोपेनचं रान सुमारे ५,५०,००० चौरस किलोमीटरवर पसरलं आहे असा अंदाज आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पावणेदोनपट. त्यातले कित्येक पट्टे असे, की दुसरं मोठं झाड औषधालाही सापडायचं नाही.

संपादकांनी या अंकासाठी ‘कोरडवाहू’ हा विषय ठरवला, तेव्हा आफ्रिकेतून गोरखचिंच, म्हणजे बाओबाब, सुचणं साहजिक होतं. त्याचा बुंधा भव्य, फोटोही झकास येतो. पण कोरड्या मुलखात माणसं, गुरं, हत्ती आणि किडे नेमके कशाच्या जिवावर जगतात हे पाहायचं, तर मोपेनच्या या कंटाळवाण्या दिसणाऱ्या झुडपाशीच थांबायला हवं. तेही भर उन्हात.

दुपारी उभी राहणारी पानं

नोव्हेंबरातल्या दुपारी लिम्पोपोच्या खोऱ्यात पारा चाळिशीला टेकलेला असतो. अशा वेळी चांगल्या वीस फुटी मोपेनखाली जाऊन उभं राहिलं तरी डोक्यावरचं ऊन फारसं कमी होत नाही. वर पाहिलं तर पानं भरपूर आहेत, पण जमिनीवर पडलेली सावली नुसती रेघांची. कारण प्रत्येक पान मिटून उभं राहिलेलं असतं. उन्हाला पानाची कड तेवढी मिळते, पाठ मिळत नाही. त्यामुळे पान कमी तापतं आणि पाणीही कमी उडतं. ऊन कलल्यावर हीच पानं पुन्हा पसरतात.

एक पान तोडून हातात घेतलं की रचना कळते. देठाच्या टोकाला दोनच पर्णिका, समोरासमोर, बुडाशी एकमेकींना टेकलेल्या. त्या दोहोंच्या बेचक्यात एक बारीकसं टोक असतं, नखाने चाचपलं तरच जाणवणारं. शिरा पर्णिकेच्या बुडापासूनच पंख्यासारख्या फाकतात. पान उजेडासमोर धरलं की सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. ते तेलाचे कोश. चुरगाळलं की टर्पेंटाइनचा उग्र वास बोटांना लागतो आणि हात धुतला तरी काही वेळ जात नाही.

इथे वाचकांच्या मनात दसऱ्याचं आपट्याचं पान येणारच. आपट्याचं पान एकच असतं, मधोमध चीर गेलेलं. मोपेनच्या पर्णिका मात्र पुऱ्या सुट्या असतात. तरी हे साम्य इतकं ठसठशीत आहे, की डेव्हिड लिव्हिंगस्टनलाही त्याने चकवलं. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने मोपेनला आपटा-कांचनाच्या प्रजातीत बसवलं आहे. झाडाची ओळख चुकली, पण निरीक्षण मात्र पक्कं होतं. दुपारी पानं मिटतात आणि सावली फक्त कडांची पडते, पानांवर साखरेसारखा चिकट पदार्थ करणारे बारीक किडे असतात, आणि लोक ते वेचून खातात, तसेच पानांवरचे मोठे सुरवंटही खातात, हे सगळं त्याने टिपून ठेवलं आहे. पुढे त्याच्या झांबेझी मोहिमेतला वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्क याने या झाडाचा नीट अभ्यास केला आणि १८६०च्या दशकात त्याला शास्त्रीय नाव मिळालं. आज वापरात असलेलं प्रजातीचं नाव १९४९ सालचं, बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ जे. लिओनार्ड याचं.

मोपेनचं फूल दाखवलं तर अनेकांना ते फूल आहे हेच पटत नाही. हिरवट, पाकळ्या नसलेलं, पुंकेसरांचा एक लोंबता झुबका. परागकण वाऱ्यावर जात असावेत असं मानतात. एखाद्या वर्षी झाड फुलतही नाही. शेंग चपटी, अर्धगोल, एकाच बीची, आणि ती आपणहून उकलत नाही. आतली बी म्हणजे एक नवलच आहे. चपट्या बीवर अक्रोडाच्या गरासारख्या वळ्या, आणि त्या वळ्यांवर राळेचे तांबूस, चिकट कण. पावसात भिजलेली बी हत्तीच्या तळव्याला, हरणाच्या खुराला चिकटते आणि दूरवर जाते. ओल मिळाली की काही दिवसांतच रुजते. मातीत वर्षानुवर्षं दबून राहणं तिला जमत नाही. दरवर्षीचा डाव दरवर्षी नव्याने मांडावा लागतो.

चोपण जमिनीचा धनी

विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातल्या किंवा नीरेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला चोपण जमीन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पाऊस पडला की वर लोण्यासारखा चिखल आणि ऊन पडलं की दगडासारखं कवच. सोडियम वाढल्यामुळे मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी खाली मुरत नाही आणि पिकाचं मूळ गुदमरतं. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांत, लिम्पोपो, झांबेझी, लुआंग्वा, ओकावांगो, कुनेने यांच्या सखल भागांत, अशा भारी, चिकण आणि पुष्कळदा चोपण जमिनी आहेत. पाऊस बहुतेक ठिकाणी २०० ते ८०० मिलिमीटर, तोही उन्हाळ्यातल्या चार-पाच महिन्यांत. इथे मोपेन नुसतं तग धरत नाही, राज्य करतं.

ते कसं जमतं, याचं उत्तर जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत आहे. मोपेनची बारीक मुळं बव्हंशी तिथेच जाळं विणून असतात. खाली पाणी मुरतच नसेल तर खोल जाऊन करायचं काय? वरच्या थरात जी ओल येते ती हे जाळं शोषून घेतं, आणि माती इतकी कोरडी झाल्यावरही शोषत राहतं, की त्या टप्प्यावर बहुतेक गवतांनी मान टाकलेली असते. म्हणूनच मोपेनखाली गवत विरळ. पावसानंतर उगवून महिना-दोन महिन्यांत वाळणारी हंगामी गवतं, मधूनमधून उघडी पडलेली माती, आणि सखल जागी पावसाच्या पाण्याची डबकी. या डबक्यांत रानडुकरं आणि हत्ती लोळतात, अंगाला चिखल लावून नेतात आणि डबकं दरवर्षी थोडं खोल होत जातं. जमीन पाणी मुरू देत नाही याचा एवढा एक फायदा. पावसाळ्यात नदीपासून मैलोगणती दूरवरही जनावरांना पाणी मिळतं.

मोपेन शिंबावर्गीय, म्हणजे तूर-हरभरा-बाभळीच्या कुळातलं झाड. त्यामुळे याच्या मुळांवर नत्राच्या गाठी असणार असं कुणीही गृहीत धरेल. त्या नसतात. शेंगांच्या या अवाढव्य कुळातल्या सगळ्यांनाच हवेतला नत्र पकडणारे जिवाणू पाळता येत नाहीत, आणि मोपेन ज्या डेटारिऑइडी उपकुळात मोडतं, त्यातली झाडं तर सहसा पाळतच नाहीत. या झाडाला जो काही नत्र मिळतो तो मातीतून आणि गळलेल्या पानांतून. पान इथे किती मोलाचं आहे, ते यावरून लक्षात यावं.

जमिनीप्रमाणे मोपेनची उंची इतकी बदलते, की दोन ठिकाणची झाडं एकाच जातीची आहेत यावर विश्वास बसू नये. क्रूगरच्या उत्तरेला, बेसॉल्टवर तयार झालेल्या उथळ चिकणमातीत, ते माणसाच्या उंचीचं झुडूप असतं. आपल्या दख्खनसारखीच तीही लाव्हाची जमीन, पण वयाने कितीतरी जुनी. त्याउलट झाम्बियातल्या लुआंग्वा नदीकाठच्या खोल गाळात हेच झाड वीस-पंचवीस मीटर सरळ वर जातं. खोडाच्या सालीला खोल उभ्या भेगा, खाली झाडोरा नाही, आणि फांद्या थेट उंचावर. तिथले वाटाडे या रानाला ‘कॅथीड्रल मोपेन’ म्हणतात. झिम्बाब्वेतल्या माना पूल्सला आणि मलावीत लिवोंडेलाही असे उंच मोपेन आहेत.

मोपेनला थंडी मात्र मानवत नाही. दव गोठण्याइतका गारठा पडला की कोवळे शेंडे जळतात. जुलैतलं किमान तापमान सरासरी ५ अंशांखाली जातं, तिथून पुढे मोपेन जवळपास नाहीच.

खानदेशातलं नातलग

धुळे-जळगावच्या वाचकाने मोपेनच्या पानाचं हे वर्णन वाचून एव्हाना भुवया उंचावल्या असतील, कारण देठाच्या टोकाला दोन पर्णिका असलेलं एक झाड सातपुड्याच्या उतारांवर आहे. अंजन. सह्याद्रीत निळ्या-जांभळ्या फुलांनी मोहरणारी अंजनी वेगळी. हा अंजन म्हणजे हार्डविकिया बायनाटा. मुरमाड, खडकाळ, पाणी न धरणाऱ्या जमिनीवर उभा राहणारा, लवलवत्या फांद्यांचा, राखी-हिरव्या पानांचा. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. सालीचा वाख निघतो, आणि चाराटंचाईत शेतकरी फांद्या छाटून पाला गुरांपुढे टाकतात.

अंजन आणि मोपेन एकाच उपकुळातले, आणि त्यातही एकमेकांच्या बरेच जवळचे. पाकळ्या दोघांच्याही फुलांना नाहीत. लाकूड दोघांचंही पाण्यात बुडणारं. १९९७ साली काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी लाकडाची, परागकणांची, फुला-फळांची तुलना करून मांडलं, की मोपेनला वेगळी प्रजाती कशाला, त्याला अंजनाच्याच हार्डविकिया या प्रजातीत घालावं. आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी त्याला विरोध केला. फरकही लहान नव्हते. अंजनाच्या फुलात दहा पुंकेसर, तर मोपेनच्या फुलात वीस-पंचवीस. अंजनाची शेंग लांबट पातळ पंखाची, टोकाला बी धरून वाऱ्यावर गिरक्या घेत उतरणारी, तर मोपेनची चपटी आणि राळ भरलेली. शेवटी जुनं नाव राखून ठेवायचं ठरलं आणि दोन्ही झाडं आपापल्या प्रजातीत राहिली.

मोपेन भारतातही आलं आहे. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थेने राजस्थानच्या कोरड्या भागासाठी जी परदेशी झाडं लावून पाहिली, त्यांत ते आहे. पण तिथे त्याच्यावर ना हत्ती येतात ना ते मोठे सुरवंट. झाड आणलं, पण त्याच्या भोवतीचं जग मागेच राहिलं, आणि मोपेनचं खरं काम तर त्या जगात चालतं.

हत्तीने छाटलेलं रान

क्रूगरच्या उत्तर भागातली झुडपं बुटकी का, याचं अर्धं उत्तर जमिनीत आहे. उरलेलं अर्धं हत्तीच्या सोंडेत, वणव्यात आणि थंडीत.

हत्ती मोपेनवर कसा चरतो हे जवळून पाहण्यासारखं असतं. तो सोंडेने फांदीला विळखा घालतो, मूठभर पानं बुडापासून शेंड्याकडे ओरबाडून घेतो आणि तोंडात घालतो. कंटाळा आला की फांदीच मोडतो. खोड हाताच्या जाडीचं असलं तर छातीने रेटून आडवं करतो. मोडलेलं मोपेन मरत मात्र नाही. बुंध्यापासून दाट फुटवे येतात, दुसऱ्या वर्षी हत्ती तेच फुटवे खायला येतो, आणि असं होत होत एकाच उंचीला छाटलेल्या कुंपणासारखी रानंच्या रानं तयार होतात. बोट्सवानाच्या चोबे आणि तुली भागांत, झिम्बाब्वेच्या गोनारेझूमध्ये हे दृश्य नेहमीचं. बुटकं राहिलेलं झाड हत्तीच्या तोंडाला सोपं जातं, आणि त्याच उंचीवरचा कोवळा पाला इतर प्राण्यांच्याही वाट्याला येतो.

उंच वाढलेल्या जुन्या मोपेनचं मोल वेगळं. त्यांच्या फांद्या मोडतात, आत पोकळ्या पडतात, आणि त्या पोकळ्यांत घरं होतात. पिवळ्या चोचीचा धनेश अशाच ढोलीत घरटं करतो, आणि आपल्याकडच्या धनेशासारखीच मादी स्वतःला आत चिणून घेते. लुआंग्वा आणि लिवोंडेच्या रानात लिलियनचा लव्हबर्ड नावाचा छोटा हिरवा पोपट मोपेनच्या ढोल्यांत राहतो. खारींची तर या ढोल्यांत वसाहतच असते. डंख नसलेल्या चिमुकल्या मधमाश्याही तिथे मध साठवतात. दुपारी याच माश्या घामातलं पाणी आणि क्षार घ्यायला माणसाच्या डोळ्यांत, नाकात, कानांत घुसतात. त्या चावत नाहीत, पण माणसाला बसू देत नाहीत.

पानांवर आणखी एक पंगत बसलेली असते. लिव्हिंगस्टनने ज्याची नोंद केली तो साखरेचा पदार्थ मोपेन सायलिड या किड्याच्या पिल्लांचा. पानाचा रस शोषून हे पिल्लू अंगावर मेणासारखं, गोडसर खवल्याचं आवरण तयार करतं आणि त्याखाली सुरक्षित बसतं. माकडं, बबून ही खवली खरवडून खातात. गावातली मुलंही पान थेट जिभेवर ओढतात.

आणि हिवाळा आला की शेळ्या. मोपेनची पानं वाळून तांबूस होतात, पण बराच काळ फांदीवर टिकतात आणि मग हळूहळू गळतात. ओल्या पानातला टॅनिनचा तुरटपणा वाळल्यावर कमी होतो. गवत संपून मातीच उरलेली असते त्या ऑगस्ट-सप्टेंबरात उत्तर नामिबियातली गुरं-शेळ्या या पालापाचोळ्यावर दिवस काढतात. तिथल्या एका प्रांताचं नावच या झाडावरून ओमुसाती असं आहे.

सुरवंटांचा हंगाम

पहिला दमदार पाऊस झाला की मातीत झोपलेले कोष फुटू लागतात. बाहेर येतो तो गोनिम्ब्रेशिया बेलिना, तळहाताएवढा पतंग, मागच्या पंखांवर डोळ्यासारखे मोठे नारिंगी ठिपके असलेला. त्याला तोंड असून नसल्यासारखं. तीन-चार दिवसांचं आयुष्य, त्यात खाणं नाही. मादी मोपेनच्या पानावर अंडी घालते, एका जागी पन्नास ते दोनशे. साधारण दहा दिवसांत अळ्या बाहेर पडतात. सुरुवातीला त्या एकमेकींना चिकटून एकाच फांदीवर चरतात, मोठ्या झाल्यावर पांगतात. चार-सहा आठवड्यांत बोटाएवढा जाड, आठ-दहा सेंटीमीटर लांबीचा सुरवंट तयार होतो. अंगावर पांढरट-हिरवे ठिपके, मधून काळे, पिवळे, लाल पट्टे आणि आखूड काळे काटे.

जिथे सुरवंट उदंड झाले आहेत त्या रानात सकाळी उभं राहिलं तर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. ती त्यांची विष्ठा वाळक्या पानांवर पडत असते. चांगल्या वर्षी हिरवीगार झाडं काही आठवड्यांत जवळजवळ निष्पर्ण होतात. शेतात असं झालं असतं तर टोळधाड म्हणून हाकाटी झाली असती. मोपेन मात्र पुन्हा पालवतं, आणि पडलेल्या विष्ठेतून नत्र मातीत परततो.

डिसेंबरात दक्षिण झिम्बाब्वेच्या ग्वांडा, प्लमट्री भागात, बोट्सवानाच्या बोबोनोंगकडे, दक्षिण आफ्रिकेच्या ग्यानी आणि मुसिनाच्या परिसरात बायका आणि मुलं बादल्या घेऊन पहाटेच रानात शिरतात. उन्हं चढण्याआधी काम सोपं जातं. सुरवंट फांदीवरून ओढून घ्यायचा, डोक्याजवळ चिमटीत धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी शेपटीपासून दाबत आतला हिरवा लगदा बाहेर काढून टाकायचा. ही हालचाल एका दमात, न पाहता होते. मग पुढचा. तासाभरात हात हिरवे-काळे होतात, आणि काट्यांनी बोटांच्या टोकांना बारीक जखमा. अनुभवी बाई कातड्याचा किंवा रबरी तुकडा बोटाला गुंडाळून येते. पोट रिकामं न करता वाळवलेल्या मालाला कडू चव येते आणि भावही कमी मिळतो.

रानातच चूल पेटते. मिठाच्या पाण्यात सुरवंट उकळायचे, ताडपत्रीवर किंवा साफ केलेल्या जमिनीवर पसरून वाळवायचे. काही ठिकाणी गरम राखेत भाजून मग वाळवतात. वाळलेला सुरवंट महिनोन्‌महिने टिकतो. घरी तो पाण्यात भिजवून कांदा, टोमॅटो, मिरचीत परततात आणि मक्याच्या घट्ट उकडीबरोबर खातात. शहरातल्या बसथांब्यांवर तोच मूठभर, शेंगदाण्यासारखा खाल्ला जातो. टोमॅटोच्या रश्शातले डबाबंद सुरवंटही दुकानांत मिळतात. शोना भाषेत त्यांना मादोरा म्हणतात, न्देबेलेत मासिंबी, सेत्स्वानात फाने, व्हेंडात माशोंझा. बोट्सवानाच्या ५ पुला नाण्यावर २००० सालापासून मोपेनच्या पानावरचा सुरवंट आहे.

वाळलेल्या सुरवंटात निम्म्याहून अधिक प्रथिनं असतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने खाद्य कीटकांवर २०१३ साली काढलेल्या अहवालात १०० ग्रॅम सुक्या सुरवंटात ३१ ते ७७ मिलिग्रॅम लोह असल्याचं म्हटलं आहे. गोमांसात ते सुमारे ६. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात वर्षाला ९५० कोटी सुरवंट वेचले जातात आणि त्यांची किंमत ८.५ कोटी डॉलरच्या घरात जाते, हा अंदाजही त्याच अहवालातला. तीन किलो पाल्यामागे साधारण एक किलो सुरवंट हे प्रमाण धरलं, तर या चोपण जमिनीवर गाय-बैल किंवा बोकड यांतल्या कुणालाच ती बरोबरी साधत नाही. शिवाय या जनावराला पाणी पाजावं लागत नाही, राखण लागत नाही. लागतं ते फक्त उभं झाड.

विदर्भातल्या वाचकांना या पतंगाचा एक नातेवाईक ठाऊक आहे. भंडारा-गडचिरोलीत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसला जाणारा टसरचा पतंग याच सॅटर्निड कुळातला. फरक इतकाच की टसरची अळी फांदीला कोष बांधते आणि त्याचं रेशीम होतं, तर मोपेनची अळी रेशमाचा धागाही न काढता थेट जमिनीत शिरून कोषावस्थेत जाते. मोपेनवर रेशीम विणणारी अळी निराळी आहे, गोनोमेटा नावाची. तिचे कडक कोष वाळवून आत खडे भरतात आणि नाचणारे ते घुंगरांसारखे पायांत बांधतात. पाल्याबरोबर हे कोष गाईच्या पोटात गेले तर मात्र न पचणाऱ्या रेशमाचा गोळा होऊन गाय दगावते. म्हणून दुष्काळात गुराख्याला ते झाडावरून काढून टाकावे लागतात.

खोड हवं की पान

मोपेनचं खोड पाहून कुणालाही मोह पडेल. काळपट-लाल, जड, वाळवीला दाद न देणारं लाकूड. ओकावांगोच्या काठी ख्वाई नदीवर नुसत्या मोपेनच्या ओंडक्यांचा पूल आहे. गाडी त्यावरून जाताना ओंडके खडाखडा हलतात, पण कुजत नाहीत. उत्तर नामिबियातल्या ओवाम्बो घरांना मोपेनच्या मेढींची कुंपणं असायची, एकेका घराला हजारो मेढी. झाडं विरळ झाली तशा तिथे विटा, पत्रे आणि तारा आल्या. त्या बदलाने खूप मोपेन वाचलं.

आज धोका आहे तो कोळशाचा. मोपेनचा कोळसा जड, बराच वेळ जळणारा, म्हणून शहरात त्याला मागणी. मोझांबिकमध्ये गाझा प्रांतातल्या माबालाने जिल्ह्यातून मापुतोला पोती जातात. ओंडके रचून, गवत आणि माती लिंपून भट्टी पेटवायची, ती दिवसेंदिवस धुमसत ठेवायची. भट्टीला जाड खोडं लागतात, म्हणजे आधी मोठी झाडंच जातात. बुंध्याला फुटवे येतातच, पण मोपेन सावकाश वाढतं. पुन्हा तेवढं जाड खोड व्हायला माणसाची हयात लागते. धनेशाची ढोली त्याहून उशिरा.

गुरं पाळणाऱ्या मोठ्या शेतकऱ्यांची तक्रार वेगळी. मोपेन गवताचं पाणी खातं, तेव्हा ते काढून टाकावं. लिम्पोपोच्या खोऱ्यात विरळणीचे प्रयोग झाले आहेत, आणि झाडं कमी केल्यावर चांगल्या पावसाच्या वर्षी गवत खूप वाढतं हे खरं आहे. पण झाड साफच काढलं तर दुष्काळी वर्षी गवतही नाही आणि पालाही नाही, खाली फक्त कवच धरलेली माती. त्यापेक्षा काही शेतमालक हंगामात सुरवंट वेचणाऱ्यांना पैसे घेऊन रानात येऊ देतात. त्या व्यवहारात झाड उभं ठेवण्याला रोख मोल येतं.

वेचणाऱ्यांच्या हातूनही झाडाला इजा होते. उंच फांदीवरचे सुरवंट काढायला फांदी तोडणं, कधी अख्खं झाड पाडणं, आणि वर उकळायला सरपण म्हणून तेच. जिथे गावच्या प्रमुखाचा शब्द अजून चालतो तिथे वेचणी कधी सुरू करायची हे तो ठरवतो, लहान सुरवंटांना हात लावू देत नाही, आणि काही जमिनीत उतरू देण्यासाठी हंगाम वेळेत थांबवतो. जिथे शहरातले व्यापारी ट्रक घेऊन थेट रानाच्या कडेला येतात, तिथे हा शब्द टिकवणं अवघड जातं. एक बादली रिकामी ठेवून घरी परतायचं, तर शेजारीण ती भरून नेईल, हे प्रत्येकीला माहीत असतं. डिसेंबरानंतर एप्रिलमध्ये होणारी वर्षातली दुसरी वेचणी पुष्कळ ठिकाणी आता हलकीच होते.

मग सुरवंट घरी, जाळीखाली पाळावेत, हा विचार झाला आणि बोट्सवाना-झिम्बाब्वेत तसे प्रयत्नही झाले. दाटीने ठेवलेल्या अळ्यांत विषाणूचा रोग पसरला. अंड्यांवर आणि अळ्यांवर परजीवी माश्या आल्या. आणि मुख्य म्हणजे त्यांना रोज ताजा मोपेनचा पाला आणून घालणं म्हणजे पुन्हा झाड तोडणंच. त्यामुळे थोहोयांडो किंवा बुलावायोच्या मंडईत आज जे पोतं उघडतं, ते रानातल्या उभ्या झाडावरूनच आलेलं असतं. नोव्हेंबरचा पहिला पाऊस झाला की तिथल्या बायका एकमेकींना विचारतात, की रात्री दिव्याभोवती किती पतंग आले, आणि कुठल्या बाजूच्या मोपेनला पालवी आली आहे. बादल्या किती न्यायच्या, हे त्यावर ठरतं.